मुलाच्या अंगावरची खूण आणि डॉक्टरची नजर

१९४६ साली न्यूयॉर्कमधील मुलांचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा अर्भकांची माहिती प्रसिद्ध केली. या सहाही बाळांच्या मेंदूच्या आवरणाखाली दीर्घकाळ रक्त साचलेले होते आणि सगळ्यांची मिळून हातापायांची लांब हाडे २३ ठिकाणी मोडलेली होती. बाळ पडले किंवा त्याला लागले, असे घरचे कोणी सांगत नव्हते. क्ष-किरण चित्रांत दिसले ते कॅफी यांनी नेमकेपणाने नोंदवले. मात्र हे कोणी केले असावे, हे त्यांनी ठामपणे लिहिले नाही. त्यांच्याही ८६ वर्षे आधी, १८६० मध्ये, पॅरिसचे न्यायवैद्यक ऑगस्त आंब्रोआझ तार्द्यू यांनी घरच्यांकडून छळ झालेल्या ३२ मुलांची वर्णने छापली होती. त्यांतील १८ मुले दगावली होती. तार्द्यू यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. तरीही वैद्यकविश्वाने ते लिखाण जवळजवळ शंभर वर्षे बाजूला ठेवले.

ही कोंडी फुटली ती १९६२ मध्ये. अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी क्ष-किरणतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्यांच्या साथीने ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली, तेव्हा वर्षभरातील ३०२ प्रकरणे पुढे आली. त्यांपैकी ३३ मुले मरण पावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. केम्प यांनी या प्रकाराला ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ (मारहाण झालेल्या मुलाचा लक्षणसमूह) असे नाव दिले आणि पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशी प्रकरणे कळवण्याचे कायदे झाले. त्यांच्या निबंधातील एक निरीक्षण मला आकडेवारीपेक्षा महत्त्वाचे वाटते. आईवडील आपल्या मुलाला अशी इजा करू शकतात, हे मान्य करणे डॉक्टरांना फार जड जाते, असे त्यांनी लिहिले. वेगवेगळ्या टप्प्यांवर जुळत असलेली हाडे क्ष-किरण चित्रात आधीही दिसतच होती. त्यांचा अर्थ लावायला मन धजत नव्हते.

बालअत्याचारासंबंधी वैद्यकीय शिक्षणातील बहुतेक नैतिक प्रश्न याच ठिकाणी सुरू होतात. डॉक्टर हा यंत्र नसून एका समाजात वाढलेला माणूस असतो आणि त्या समाजाच्या धारणा तो पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून अपघात विभागात येतो. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ हे आपण कौतुकाने म्हणत आलो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्येच शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली असली, तरी पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन आलेले मूल पाहिल्यावर ‘वडील जरा कडक दिसतात’ एवढ्यावर विषय संपवणारे निवासी डॉक्टर आजही असू शकतात. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे त्यांना केसपेपर भरण्यापूर्वी कोणी शिकवले होते का, हा खरा प्रश्न आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ, तर ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचे सांगितले. अत्याचाराची व्याख्या किती व्यापक ठेवली यावर असे आकडे अवलंबून असतात, हे मान्य करूनही बालरोग विभागाच्या ओपीडीत बसणाऱ्याने एवढे गृहीत धरलेच पाहिजे की आज तपासलेल्या मुलांपैकी काहींच्या वाट्याला हे आलेले आहे. प्रत्यक्षात आपल्याकडील न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘बॅटर्ड बेबी’ हा विषय बहुधा अर्भकहत्येच्या प्रकरणाला जोडून येतो. छळ झालेल्या मुलाशी विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. त्यामुळे हा विषय जिवंत मुलाचा, रोजच्या ओपीडीचा आणि वाचवता येण्याजोगा आहे, हे त्याच्या मनावर ठसतच नाही.

धारणा आणि विज्ञान यांची गफलत सर्वांत जास्त नुकसान करते ती लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत. सर्वसाधारण समजूत अशी, की अत्याचार झाला असेल तर शरीरावर खूण असणारच आणि तपासणीत काही आढळले नाही तर तक्रार संशयास्पद. वैद्यकीय पुरावा याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेत २,३८४ मुलांच्या तपासण्यांवर आधारित आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेमतेम ४ टक्के मुलांमध्ये तपासणीच्या वेळी असामान्य खुणा आढळल्या होत्या. २००४ मधील दुसरा अभ्यास तर विचार करायला लावणारा आहे. त्यात ३६ गर्भवती किशोरींची तपासणी झाली. गर्भधारणा हाच संबंधाचा निर्विवाद पुरावा होता, तरी केवळ दोघींच्या अवयवांत त्याची निश्चित खूण सापडली. याची कारणे समजण्यासारखी आहेत. त्या भागातील ऊती लवकर भरून येतात, वयात येताना संप्रेरकांमुळे त्या लवचीक होतात, अत्याचाराचे अनेक प्रकार मुळात जखम करणारे नसतात आणि मूल बहुतेक वेळा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बोलते. म्हणून डॉक्टरने अहवालात ‘इजा आढळली नाही’ एवढेच लिहून थांबणे अर्धवट ठरते. इजा नसल्याने अत्याचार झाला नाही असे सिद्ध होत नाही, हे वाक्यही त्याच अहवालात यायला हवे, कारण न्यायालयात तो अहवाल वाचणारे वकील आणि न्यायाधीश वैद्यकशास्त्र शिकलेले नसतात.

आपल्या अभ्यासक्रमाने मात्र दीर्घकाळ नेमके उलटे शिकवले. खरी कुमारिका आणि खोटी कुमारिका कशी ओळखावी, योनिपटलाची ठेवण काय सांगते, अशी माहिती शास्त्र म्हणून पाठ करून घेतली गेली आणि ती केवळ मुलींबाबत होती. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तथाकथित कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे सातत्याने मांडले आणि २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. ‘टू-फिंगर टेस्ट’ नावाच्या, योनीत दोन बोटे घालून केल्या जाणाऱ्या अपमानास्पद तपासणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मत नोंदवले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही ती त्याज्य ठरवली. तरीही ती सुरू राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा घेतला जावा. त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेल्या मार्गदर्शिकेत कौमार्य आणि योनिपटल यांचे ‘महत्त्व’ आणि समलैंगिक संबंध हा ‘अनैसर्गिक गुन्हा’ हे मुद्दे परतले. टीका झाल्यावर ती मार्गदर्शिका काही दिवसांतच मागे घेतली गेली. पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद काढायला न्यायालय, विद्यापीठ आणि आयोग यांना एवढी वर्षे लागतात, तर तो परिच्छेद वाचून पदवी घेतलेल्या डॉक्टरांच्या डोक्यातून तो काढायला किती लागतील?

कायद्याने डॉक्टरवर टाकलेली जबाबदारी आता स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले किंवा तो होण्याची ज्याला भीती वाटते, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षण आहे. गुन्हा नोंदला नसला तरी कलम २७ प्रमाणे तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि त्या वेळी पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी लागते. ‘आधी पोलिसांचे पत्र आणा, मग उपचार करू’ असे २०२० च्या नियमांनुसार कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. मात्र ही कळवण्याची सक्ती लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. मारहाण, चटके, उपासमार यांसाठी बाल न्याय कायद्याचे कलम ७५ शिक्षा सांगते. पण डॉक्टरने कळवलेच पाहिजे, अशी पोक्सोइतकी थेट तरतूद तिथे नाही. तिथे सारा भार एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण) नोंदवण्याच्या रूढीवर आणि डॉक्टरच्या विवेकावर पडतो.

ही जबाबदारी कागदी नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील प्रकरणाने दाखवले. एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन मुलींवरील अत्याचाराची माहिती असूनही ती कळवली नाही, असा आरोप त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. डॉक्टर दोषी आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही, ते खटल्यातच ठरायचे. मात्र माहिती असून गप्प राहणे हा गंभीर गुन्हा आहे आणि असा खटला सुरुवातीलाच गुंडाळता येणार नाही, असे सांगितले.

आता नाण्याची दुसरी बाजू. शंका घ्यायला शिकवणे सोपे असते, पण शंकेला लगाम घालायला शिकवणे फार कठीण. इंग्लंडमधील क्लीव्हलँड येथे १९८७ मध्ये दोन बालरोगतज्ज्ञांनी अवघ्या काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान केले. त्यासाठी गुदद्वाराच्या प्रतिक्षिप्त प्रसरणाच्या, म्हणजे तपासताना ते आपोआप उघडते का हे पाहण्याच्या, चाचणीवर त्यांनी बराच भर दिला होता. मुले घरांतून काढून नेली गेली आणि पुढे बहुतेक परत पाठवावी लागली. १९८८ च्या चौकशी अहवालाने एका शारीरिक चिन्हावर एवढा मोठा निष्कर्ष उभारण्याबद्दल इशारा दिला. मुलांना तपासणीची वस्तू न मानता माणूस मानावे, ही त्यातील सूचना आजही जुनी झालेली नाही. भारतीय बाळांच्या कमरेवर जन्मतः असणारे निळसर डाग अनोळखी डॉक्टरला मुका मार वाटू शकतात. हाडे ठिसूळ करणारा जन्मजात आजार असला की उचलतानाही हाड मोडू शकते. चुकीच्या संशयाने कुटुंब उद्ध्वस्त होते आणि चुकीच्या विश्वासाने मूल दगावते. या दोन्ही चुका टाळण्याचे एकच सूत्र मला सापडलेले नाही. निदान एकट्याने करू नये, बालरोग, क्ष-किरण, मानसोपचार आणि समाजसेवा विभागांनी एकत्र बसून करावे, एवढे मात्र या घटनांमधून नक्की शिकता येते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रासारखी समुपदेशनाची जागा रुग्णालयातच असेल, तर डॉक्टरला हा भार एकट्याने वाहावा लागत नाही.

आपल्या राज्यातील एक उदाहरण या चौकटीत सहज बसत नाही. मेळघाटात आजारी किंवा पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची, ‘डंबा’ म्हणून ओळखली जाणारी प्रथा आहे. हे चटके वेदनादायक आणि जीवघेणे आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र देणाऱ्या माणसाच्या आणि आईच्या मनात हेतू इजेचा नसून उपचाराचा असतो. प्रशिक्षणार्थी डॉक्टरने याला काय म्हणावे? माझ्या मते बाळाच्या बाजूने पाहिले तर ही इजाच आहे आणि केसपेपरवर तशीच नोंदवली पाहिजे. पण त्या आईशी गुन्हेगारासारखे बोलणारा डॉक्टर पुढच्या बाळाला दवाखान्यापर्यंत येऊ देत नाही, हेही तितकेच खरे. इजेची नोंद आणि हेतूचा निवाडा हे दोन वेगळे विषय आहेत, हे शिकवण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

शिक्षणाच्या नावाखाली रुग्णालयात होणारे काही प्रकारही प्रश्न विचारण्याजोगे आहेत. अत्याचार झालेल्या मुलाची तपासणी एकदाच, कमीत कमी माणसांसमोर व्हावी. आठ विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ती पुन्हा करणे म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीने तोच प्रसंग नव्याने घडवणे. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती आवश्यक आहे आणि तपासणीला नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. छायाचित्रांचेही तसेच. डोळ्यांवर काळी पट्टी लावली की ओळख लपली, अशी समजूत परिषदांच्या सादरीकरणांत आणि व्हॉट्सॲप गटांत सर्रास दिसते. वय, तालुका, जखमेचा विशिष्ट आकार आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली, तर गावातील कोणालाही ते मूल ओळखता येते.

संशोधनात ही गुंतागुंत आणखी वाढते. या विषयातील ज्ञान मुलांना विचारल्याशिवाय मिळणार नाही, आणि मुलांवरील संशोधनाचा इतिहास काही अभिमानाचा नाही. न्यूयॉर्कमधील विलोब्रूक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षे मुलांना मुद्दाम कावीळ देऊन अभ्यास झाला आणि पालकांच्या सह्या घेतल्या होत्या, हे त्याचे समर्थन म्हणून सांगितले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. सर्वसाधारण आजारांसाठी ही व्यवस्था ठीक चालते. परंतु अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर ‘तुमच्या मुलाला अत्याचाराविषयी विचारू का’ या प्रश्नावर सही कोणाची मागायची? त्या संमतिपत्रामुळेच मुलाचा धोका वाढू शकतो. पालकांऐवजी मुलाच्या हितासाठी बोलणारी तटस्थ व्यक्ती ठेवण्याचा विचार संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीला अशा वेळी करावा लागतो, आणि त्यासाठी समितीत बालमानसशास्त्र जाणणारे कोणी तरी असावे लागते.

काही संशोधक दुसरी वाट धरतात. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले आणि बालपणीच्या अत्याचारांचा मोठेपणीच्या हृदयविकार, व्यसन, नैराश्य यांच्याशी असलेला संबंध दाखवला. प्रौढ माणूस स्वतःची संमती देऊ शकतो, हा या पद्धतीचा फायदा. आज घरात बंद असलेल्या मुलाला मात्र तिचा उपयोग फार उशिरा होतो.

भारतात सर्वांत अवघड पेच आहे तो गोपनीयतेचा. संशोधनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात ‘तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल’ हे वाक्य असते आणि पोक्सोचे कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणते, म्हणजे संशोधकही त्यात आलाच. मुलाने मुलाखतीत अत्याचार सांगितला, तर ते वाक्य खोटे ठरते. यावर एक तोडगा म्हणजे निनावी प्रश्नावली, ज्यात कोणी काय लिहिले हे संशोधकालाही कळत नाही. पण मग मदतीसाठी हात पुढे केलेले मूल गर्दीतच हरवते. त्याला १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक देण्यापलीकडे काही करता येत नाही. दुसरा तोडगा म्हणजे सुरुवातीलाच, मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणे, की तुला कोणी त्रास देत असल्याचे तू मला सांगितलेस तर मला ते पुढे कळवावे लागेल. असे सांगितल्यावर काही मुले गप्प राहतील, आकडे कमी येतील आणि संशोधकाची अडचण होईल. तरी मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पूर्ण गुप्ततेचे आश्वासन देऊन नंतर पोलिसांना फोन करणे ही आणखी एका मोठ्या माणसाने त्या मुलाची केलेली फसवणूकच असते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या परस्परसंमतीच्या संबंधांत हा पेच जास्तच बोचतो, कारण २०१२ पासून संमतीचे वय अठरा आहे आणि कायद्याच्या लेखी तोही अत्याचारच. गर्भवती किशोरी पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात येत नाही आणि असुरक्षित गर्भपाताकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने कलम १९ खालील माहितीत तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. विधी आयोगाने २०२३ मध्ये संमतीचे वय खाली आणण्यास नकार दिला, फक्त सोळा ते अठरा वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला मोकळीक असावी असे सुचवले. गर्भपात केंद्रातील डॉक्टरला मिळालेली ही सवलत किशोरांच्या आरोग्यावर प्रबंध लिहिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मिळालेली नाही. त्याच्यापुढे बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने उत्तरादाखल जे सांगितले, ते वहीत लिहायचे की पोलीस ठाण्यात, हे त्याला प्रश्न विचारण्याआधीच ठरवून मुलीला सांगावे लागते.